स्नानगृहातील पंखा आणि तिसरी तार

परीक्षणासाठी माझ्यापुढे चार घड्यांचा एक कागद आहे. एरवी अशा कागदाचे परीक्षण कोणी करीत नाही. खोके उघडले की तो थर्माकोलबरोबर केरात जातो. मोबाइल फोनवरून चालू-बंद करता येणाऱ्या एका 'स्मार्ट' स्विचचे हे माहितीपत्रक. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, कारण मी अशी चार-पाच पत्रके गोळा करून वाचली आणि भाषा सोडली तर त्यांत फारसा फरक आढळला नाही. पत्रकाच्या शेवटी 'अडचण आणि उपाय' असा एक तक्ता आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने हा तक्ता विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे तपासायला घेतला तर किती गुण देता येतील, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मला पडला त्याला कारण जळकोटच्या घरातील स्नानगृह.

जळकोट हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे लागणारे आमचे गाव. जुन्या घराला हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती होत्या, आणि न्हाणी मागच्या अंगणात, वरून अर्धी उघडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडमातीच्या भिंतींखाली झोपण्याची अनेकांनी धास्ती घेतली. दादाने पुढे सिमेंटचे घर बांधले तेव्हा स्नानगृह घरात आले, खिडकी वीतभर उरली आणि वाफ बाहेर काढायला पंखा बसवावा लागला. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने त्या पंख्याला हा स्मार्ट स्विच भेट दिला. आंघोळ झाल्यावर पंखा पंधरा मिनिटांनी आपोआप बंद व्हावा, हा साधा हेतू.

चार महिने सर्व ठीक चालले. मार्चपासून स्विच मधूनच 'ऑफलाइन' दिसू लागला. पत्रकातील तक्ता सांगतो : स्विच ऑफलाइन दिसत असल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, राउटर स्विचच्या जवळ आणा, बटण पाच सेकंद दाबून स्विच रीसेट करा. पुतण्याने पुण्याहून फोनवर दादाकडून हे सारे दोन रविवार करून घेतले. राउटर दिवाणखान्यातून माजघरात आला. रीसेट केल्यावर स्विच थोडा वेळ चाले, पुन्हा जाई.

मे महिन्यात मी गेलो तेव्हा वहिनी सहज बोलून गेल्या, "भावजी, ओल्या फडक्यानं गिझर पुसायला गेले की बोटाला मुंग्या येतात बघा. आधी नव्हतं असं." दादाला हे त्यांनी सांगितले नव्हते, कारण त्यांच्या मते गिझर ही वेगळी गोष्ट आणि पंख्याचा स्विच ही वेगळी गोष्ट. पत्रकाचेही तेच मत आहे. तक्त्यात अकरा अडचणी आहेत. 'शेजारच्या उपकरणाला हात लावल्यास मुंग्या येतात' ही त्यांत नाही.

आता तारांकडे वळू. आपल्या घरांतून पंख्याची जोडणी अशी असते : फेजची तार बोर्डावर येते, स्विचमधून जाते आणि तेथून पंख्याकडे. न्यूट्रल मात्र वरच्या वर छतातून थेट पंख्याकडे जाते. तिला बोर्डावर उतरण्याचे कारणच नसते. साध्या स्विचला न्यूट्रल लागत नाही, कारण त्याला स्वतःला वीज लागत नाही. तो फक्त दार उघडतो आणि मिटतो. स्मार्ट स्विच हा मात्र रात्रंदिवस जागा राहणारा पहारेकरी आहे. त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ आणि एक छोटा संगणक आहे, आणि त्यांना सतत एखादा वॉट वीज हवी असते. ती घ्यायची तर फेजबरोबर दुसरी तार हवीच. बोर्डावर प्लगचा सॉकेट असेल तर न्यूट्रल तेथे असते. स्नानगृहाबाहेरच्या बोर्डावर दोनच बटणे होती, दिवा आणि पंखा. न्यूट्रल नव्हती.

पत्रकात लिहिले आहे : 'न्यूट्रल तार आवश्यक. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे.' तेवढेच. वायरमनला बोर्डाच्या लोखंडी पेटीत तिसरी एक तार दिसली, हिरवी. पेटीला अर्थिंग दिलेले होते. त्याने मीटर लावून पाहिला. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये (दुसऱ्या बोर्डावर) सुमारे २३० व्होल्ट. फेज आणि हिरवी तार यांमध्येही सुमारे २३० व्होल्ट. त्याने स्विचची न्यूट्रलची तार हिरवीला जोडली. स्विचवरचा निळा दिवा लागला, फोनवर पंखा दिसू लागला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

या वायरमनला अडाणी म्हणून मोकळे होण्याआधी शिक्षकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. त्याने मोजमाप केले. मोजमाप बरोबर होते. त्यावरून त्याने जे अनुमान काढले ते आपल्या पाठ्यपुस्तकातील माहितीशी कोठेही विसंगत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात घरगुती मंडलाचा भाग आहे. राज्याच्या नववीच्या पुस्तकातही 'धाराविद्युत' या प्रकरणात तो येतो. तीन तारा, त्यांचे रंग, पहिल्या दोन तारांमधले २२० व्होल्ट, आणि तिसरी तार जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडलेली, सुरक्षेसाठी. हे सगळे खरे आहे. परंतु तारांची ओळख येथे रंगाने आणि व्होल्टने करून दिली जाते. कोणत्या तारेने रोज काम करायचे आणि कोणत्या तारेने रिकामे बसून राहायचे, हा भेद त्या परिच्छेदातून वाचकाच्या मनात ठसत नाही. व्होल्ट मोजून न्यूट्रल आणि अर्थ वेगळ्या ओळखता येत नाहीत, कारण मुळात त्या एकाच ठिकाणी बांधलेल्या आहेत. गावाबाहेरच्या डीपीवर रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून देते, आणि तेथेच न्यूट्रल जमिनीत पुरलेली असते. तुमच्या घरामागच्या खड्ड्यातील अर्थिंग आणि डीपीखालचे अर्थिंग यांमध्ये मातीच आहे.

मग चूक कोठे आहे? घरात उपकरण चालू असले की न्यूट्रलमधून धारा वाहते. तिचे ते कामच आहे. अर्थमधून एरवी काहीही वाहता कामा नये. गिझरच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर त्या एका प्रसंगी धारेला माणसाच्या अंगाऐवजी दुसरी वाट मिळावी म्हणून ती राखून ठेवलेली आहे. आगीच्या बंबासाठी भरून ठेवलेल्या हौदातून रोज बादलीभर पाणी काढण्यासारखेच हे. बादलीभराने काय होते, असे कोणी म्हणेल. आकडे पाहू.

स्विच घेतो ती धारा ५ ते १० मिलिअँपिअर धरू. खड्ड्याचा रोध ५ ओहम असला तर हिरव्या तारेवर चढणारा दाब ०.०५ व्होल्ट. कोणाला कळणार नाही. खड्डा वाळून रोध दसपट, ५० ओहम, झाला तरी अर्धा व्होल्ट. तो १,००० ओहमवर गेला, म्हणजे अर्थिंग जवळजवळ निकामीच झाले, तरी दाब फक्त १० व्होल्ट; स्विच सुखाने चालू आणि बोटालाही काही नाही. म्हणजे बिघाड वाढत जातो तसे लक्षण वाढत नाही. शेवटपर्यंत सगळे गप्प, आणि तार सुटली की एकदम सगळे. तार सुटल्यावर काय होते? स्विचच्या पोटातून फेज हिरव्या तारेवर येते आणि ती हिरवी तार जेथे जेथे गेली आहे तेथे पोचते : बोर्डाची पेटी, गिझरचा पत्रा, स्वयंपाकघरातील फ्रीज. यांपैकी कशालाही ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाने हात लावला की स्विचची न्यूट्रल तो माणूस होतो. त्या क्षणी पुरेशी धारा मिळाली तर स्विच पुन्हा 'ऑनलाइन' येईल. तक्त्याप्रमाणे पाहिले तर अडचण दूर झाली!

घरामागचा खड्डा उकरला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात एवढी वाळते की भेगांत हात जातो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची पद्धत जुनी आहे. मीठ ओलावा धरून ठेवते आणि रोध कमी करते. पण तेच मीठ लोखंड खाते. पट्टीवरचा बोल्ट गंजून पावडर झाला होता आणि तार नुसती टेकलेली होती. वाऱ्याने किंवा कोंबडीच्या पायाने ती हलली की जोड लागत-सुटत असणार. स्विचच्या ऑफलाइन-ऑनलाइनचा खेळ तेवढाच होता. राउटरचा त्यात काही दोष नव्हता.

येथे एक मोठा मुद्दा ओघाने सांगतो. अर्थिंग उत्तम आहे आणि गिझरमध्ये फेज पत्र्याला टेकली असे समजा. खड्डा, माती आणि डीपीचे अर्थिंग मिळून रोध २० ओहम असेल तर धारा २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा खटका या धारेला पडणारच नाही! पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून खेडेगावच्या घराला गळती ओळखणारा खटका, ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., हवाच. गेलेली धारा आणि परत आलेली धारा यांतील फरक तो पाहतो. आता गंमत पाहा. स्मार्ट स्विच अर्थवर चालवला की हा फरक कायमचा ५-१० मिलिअँपिअर होऊन बसतो. असे तीन स्विच लावले की खटका कारणाशिवाय पडू लागतो, आणि घरमालक 'हा फार पडतो' म्हणून तोच काढून टाकतो. दादाच्या घरात तो मुळातच नव्हता. असता तर पहिल्याच स्विचला पडला असता असे म्हणता येत नाही, पण वहिनींच्या बोटाआधी काहीतरी सांगण्याची शक्यता त्याच्याकडे होती.

तक्त्यातील इतर ओळींबद्दल थोडक्यात. 'पंखा बंद होत नाही : स्विच रीसेट करा.' स्विचमध्ये एक रिले असतो, म्हणजे चुंबकाने हलणारा धातूचा संपर्क. पंख्याची मोटर ही तारेची गुंडाळी आहे. तिच्यातील धारा एकदम तोडली की ती विरोध करते आणि संपर्काच्या फटीत ठिणगी पडते. स्नानगृहातील ३०-४० वॉटच्या पंख्यावर हे हळूहळू होते, पण हाच स्विच कोणी बोअरच्या मोटरीवर बसवला तर सुरू होताना ती कैक पट धारा ओढते आणि संपर्क चिकटून बसू शकतात. चिकटलेला धातू रीसेटने सुटत नाही. खोक्यावर '१० अँपिअर' असे ठळक छापलेले असते; तो आकडा इस्त्री किंवा बल्ब यांसारख्या उपकरणांसाठी असतो, मोटरीसाठी नाही, हे ज्याने खोके छापले त्याला माहीत असते.

'बंद केल्यावरही दिवा मंद पेटतो : दुसऱ्या प्रकारचा दिवा वापरा.' या उत्तराला अर्धा गुण देईन, कारण उपाय चालतो पण कारण दिलेले नाही. ठिणगी विझवण्यासाठी संपर्काला समांतर एक छोटा कपॅसिटर काही स्विचांत बसवतात. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३२,००० ओहमसारखा वागतो, म्हणजे 'बंद' स्विचमधूनही ७ मिलिअँपिअर वाहू शकतात. जुन्या ६० वॉटच्या बल्बला त्याची जाणीवही होत नसे. एलईडी दिवा तेवढ्यावर मिणमिणतो. बारावीला कपॅसिटर शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. शिवाय याचा अर्थ असा की 'बंद' दिसणाऱ्या स्विचच्या पुढची तारही पूर्ण मृत नसते. पंखा पुसायचा असेल तर मेन बंद करावा.

आर्द्रतेवर आपोआप चालण्याची जी सोय पत्रक अभिमानाने सांगते, तिच्यावर मात्र माझा राग आहे. 'आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेल्यास पंखा सुरू, खाली आल्यास बंद.' ही सापेक्ष आर्द्रता आहे. जुलैत पावसाळी सकाळी बाहेरचीच हवा ८० टक्क्यांच्या घरात असते. पंखा आतली हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी ८० टक्क्यांची हवा आत ओढतो. ती ६५ वर येणार कशी? पंखा दिवसभर फिरत राहतो. तक्ता म्हणतो, 'सेन्सर बदला.' सेन्सर बिचारा खरे बोलत असतो. आतली आणि बाहेरची हवा यांची तुलना करून पंखा चालवला तर प्रश्न सुटेल, पण त्यासाठी दोन सेन्सर लागतील आणि एक विचार लागेल. हिशोबाची आवड असलेल्यांसाठी : ५ फूट बाय ७ फूट, ९ फूट उंच स्नानगृहात सुमारे ९ घनमीटर हवा असते. २५ अंशांना एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅम वाफ मावते. हवा आधीच अर्धी भरलेली असेल तर ती पूर्ण भरायला सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा-पाऊण कप पाणी पुरते. एका गरम आंघोळीला तेवढे सहज होते. आणि ही वाफ बाहेर जायची तर तेवढीच हवा आत यायला दाराखाली फट हवी. दादाच्या दाराला नवे प्लास्टिक लावून ती फट बुजवलेली होती. पंखा नुसता गुरगुरत होता. त्याच्या पुढचा इशारा गॅस गिझर वापरणाऱ्यांसाठी आहे. ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. गॅस गिझर स्नानगृहाबाहेरच असावा. 'आत असला तरी पंखा आहे ना' हे समाधान फटीशिवाय फोल आहे, आणि तो पंखा फोनवर अवलंबून असेल तर अधिकच.

वर्गात हे दाखवायचे असेल तर घरच्या बोर्डाला हात लावू नये. ९ व्होल्टची बॅटरी घ्या. तिचे धन टोक म्हणजे फेज, ऋण टोक म्हणजे न्यूट्रल. ऋण टोकापासून आणखी एक हिरवी तार काढून ती एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याला जोडा; हा गिझर. आता १,००० ओहमचा रोधक आणि एक लहान एलईडी एकसरीत जोडून फेज आणि डबा यांमध्ये लावा. हा आमचा स्मार्ट स्विच. एलईडी लागतो. विद्यार्थ्यांना विचारा, सगळे ठीक आहे ना? मग हिरवी तार ऋण टोकापासून सोडवा. एलईडी विझतो. आता तारेचा एक सुटा तुकडा घ्या, त्याला माणूस म्हणा, आणि त्याचे एक टोक डब्याला व दुसरे ऋण टोकाला लावा. एलईडी पुन्हा लागतो. नांदेडजवळच्या एका शाळेत मी हे दाखवले तेव्हा मागच्या बाकावरील मुलीने विचारले, "सर, मग स्विचवर निळा दिवा लागला म्हणजे तो चांगला आहे हे कसं कळायचं?" या प्रश्नाला पत्रकात उत्तर नाही. माझ्याकडेही निळ्या दिव्यापुरते नव्हते. खड्ड्याकडे जाऊन पाहावे लागते.

पत्रकाला गुण किती? अकरापैकी सात ओळी वाय-फायच्या आहेत, आणि त्या बरोबरही आहेत. स्विच ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर चालत नाही, २.४ वरच चालतो; लोखंडी पेटीत रेडिओलहरी कोंडल्या जातात; हे सगळे मान्य. लिहिणाऱ्याला ज्या बिघाडांबद्दल तक्रारीचे फोन येतात ते त्याने लिहिले. मुंग्यांबद्दल त्याला फोन येत नाही, कारण वहिनींसारखी माणसे तो स्विचचा दोष मानीत नाहीत. परंतु 'न्यूट्रल आवश्यक' या दोन शब्दांच्या जागी 'न्यूट्रल नसल्यास अर्थिंगची तार कधीही वापरू नये. स्विच चालेल, तरीही वापरू नये' एवढे छापायला दोन ओळी लागतात. त्यांतील 'स्विच चालेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चालणार नाही असे वाटूनच माणूस करून पाहतो, आणि चालले की नियम खोटा ठरवतो. पाठ्यपुस्तकातही घरगुती जोडणीच्या आकृतीखाली असा एक प्रश्न यावा : 'फेज आणि अर्थ यांमध्ये बल्ब जोडल्यास तो लागेल. तरीही तसे का करू नये?' उत्तर पाठ करता येणार नाही असा तो प्रश्न आहे.

त्याच वायरमनला पुन्हा बोलावले. मी त्याला खड्डा दाखवला, आकडे कागदावर मांडून दाखवले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, गावात असे आठ-दहा बसवलेत मी." मग त्याने वहीत घरांची यादी करायला घेतली. आमच्याकडे पंख्याच्या पॉइंटपासून पाइपातून न्यूट्रलची तार बोर्डापर्यंत ओढायला त्याला अर्धा तास लागला. सहा-सात मीटर तार गेली. खड्ड्यात नवी पट्टी, नवा बोल्ट आणि मीटरशेजारी आर.सी.सी.बी. बसला. राउटर पुन्हा दिवाणखान्यात गेला. पंख्याची घरघर मात्र अजून आहे; ती बेअरिंगची असावी.